सक्तीनें घेतलेली लस आणि मागें राहिलेली शंका

“लस घेतली नसती तर कचेरींत पाऊल टाकूं दिलें नसतें. घेतली, आणि तेव्हांपासून छातींत मधूनमधून कळ येते. आतां हें मीं कोणास सांगावें?”

श्रोतेहो, अंधेरी-बोरिवलीकडे काय किंवा घाटकोपर-मुलुंडकडे काय, अशा अर्थाचा प्रश्न किती घरांत विचारला गेला असेल याची गणती कोणी केलेली नाहीं. विचारणाऱ्याचा सूर मात्र बहुधा एकच असतो. त्यांत अर्धी तक्रार असते व अर्धी भीति. तक्रार मालकाविषयीं किंवा सरकाराविषयीं असते. भीति स्वतःच्या देहाविषयीं. हे दोन धागे एकमेकांत गुंतले म्हणजे तक्रारीचा निकाल लागत नाहीं आणि दुखण्याचें निदानहि होत नाहीं. म्हणून आज ते सोडवून निरनिराळे पाहण्याचा माझा विचार आहे.

प्रथम सक्तीची हकीकत. करोनाच्या सांथीवरील लसीकरण आपल्या देशांत १६ जानेवारी २०२१ रोजीं सुरू झालें. आरंभीं लस मिळविण्यासाठींच धडपड होती; सक्तीचें नांव कोणी काढीत नव्हतें. नंतर चित्र पालटलें. १५ ऑगस्ट २०२१ पासून सामान्य प्रवाशांस लोकलगाड्यांचीं दारें पुन्हां उघडलीं, पण दोन्ही मात्रा घेऊन चौदा दिवस लोटलेल्यांनाच. उपनगरांतील नोकरदारास लोकल म्हणजे काय हें सांगावयास नको. ज्याला पास नाहीं त्याला नोकरी नाहीं, असाच त्याचा अर्थ. पुढें २७ नोव्हेंबर २०२१ च्या आदेशानें राज्य सरकारनें असें ठरविलें कीं, दुकानें, आस्थापना व समारंभ यांच्या ठिकाणीं काम करणारीं माणसें पूर्ण लसीकरण झालेलींच असावींत. त्याच महिन्यांत शेजारच्या ठाणें महानगरपालिकेनें पहिली मात्राहि न घेतलेल्या आपल्या नोकरांचा पगार रोखण्याचें जाहीर केलें. हातावर पोट असलेल्या माणसाच्या दृष्टीनें पाहिलें तर हा सल्ला नव्हता, ही सक्तीच होती.

त्या नोव्हेंबरच्या आदेशांत एक सूट होती. शारीरिक कारणामुळें ज्याला लस घेतां येत नाहीं व ज्याच्यापाशीं मान्यताप्राप्त डॉक्टरचें तसें प्रमाणपत्र आहे, अशा माणसास पूर्ण लसीकरण झालेल्यांतच धरावें असें त्यांत म्हटलें होतें. माझ्या समजुतीनें आदेशाचा हा भाग प्रत्येक कचेरीच्या सूचनाफलकावर ठळक अक्षरांत लागावयास हवा होता. पहिल्या मात्रेनंतर ज्याला तीव्र ॲलर्जीचा झटका आला असेल, त्याच्यासाठीं ती सूट म्हणजे जीव वांचविणारी गोष्ट होती.

लोकलच्या निर्बंधाविरुद्धचा वाद मुंबई उच्च न्यायालयांत गेला. फेब्रुवारी २०२२ मध्यें न्यायालयानें, ते आदेश कायद्यानें ठरवून दिलेल्या पद्धतीस धरून काढलेले नाहींत, असें मत व्यक्त केलें. एप्रिल २०२२ च्या प्रारंभीं राज्यांतील सारेच निर्बंध उठले. मग २ मे २०२२ रोजीं डॉ. जेकब पुलियेल यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल झाला. कोणाहि व्यक्तीस बळानें लस टोंचतां येणार नाहीं, कारण आपल्या शरीरावरील अधिकार हा राज्यघटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदानें दिलेल्या संरक्षणाचा भाग आहे, असें न्यायालयानें सांगितलें; आणि लस न घेतलेल्यांवर घातलेले निर्बंध त्या वेळच्या रोगमानाच्या प्रमाणाबाहेर आहेत, असेंहि म्हटलें. मात्र त्याच निकालांत लशींना दिलेली मंजुरी उतावीळपणाची ठरविलेली नाहीं. सक्तीच्या औचित्याविषयीं बोलणें म्हणजे लशीच्या गुणावगुणांविषयीं बोलणें नव्हे. एखाद्या गोष्टीची सक्ती अन्याय्य असूं शकेल आणि ती गोष्ट तरीहि बहुतांशीं निर्धोक असूं शकेल. उलट, सक्ती न्याय्य ठरली म्हणून एखाद्या विशिष्ट माणसाला अपाय झालाच नसेल असेंहि नाहीं.

मुंबईला हा पेच नवा नाहीं. हिंदुस्थानांतील देवीची पहिली लस १४ जून १८०२ रोजीं मुंबईंतच ॲना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीस टोंचली गेली. मुलांना देवी काढणें मुंबई शहरांत १८७७ च्या कायद्यानें सक्तीचें झालें. प्लेगच्या वेळीं डॉ. हाफकिन यांनीं आपली लस जानेवारी १८९७ मध्यें प्रथम स्वतःच्या अंगांत टोंचून घेतली. त्याच वर्षीं झालेला सांथरोगांचा कायदा २०२० सालीं आपल्या राज्यानें पुन्हां अंमलांत आणला, हें पुष्कळांस आठवत असेल.

हाफकिनसाहेबांच्या लशीच्या इतिहासांतील एक घटना मात्र आजच्या विषयाच्या दृष्टीनें फारच बोधक आहे. १९०२ च्या ऑक्टोबरांत पंजाबांतील मुलकोवाल या गांवीं १०७ माणसांना प्लेगची लस टोंचली गेली. त्यांपैकीं १९ जणांना धनुर्वात झाला व ते सारे दगावले. ते एकोणीसहि जण एकाच बाटलींतून लस घेतलेले होते. हाफकिन यांच्यावर ठपका आला, त्यांचें काम सुटलें, आणि ते निर्दोष आहेत हें मान्य होण्यास १९०७ साल उजाडलें. त्या बाटलीचें बूच काढतांना वापरलेला चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट शुद्ध न करतांच पुन्हां वापरला गेला, असें पुढें आलें. मृत्यु खरे होते आणि ते लस टोंचल्यानेंच झाले, हेंहि खरें. तरीपण लशीच्या द्रव्यांत विष नव्हतें. चूक हाताळणींत होती.

यावरून ध्यानांत येईल कीं “लशीमुळें झालें” या सहा अक्षरी निष्कर्षांत—शब्द दोनच, पण त्यांचे अर्थ किती!—निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात. जागतिक आरोग्य संघटनेनें ठरविलेल्या पद्धतीनें आपल्या देशांतील समित्याहि त्या वेगळ्या करून पाहतात. एखादें दुखणें लशीच्या द्रव्यानेंच होतें. क्वचित् उत्पादनांतील दोषानें. क्वचित् साठवण किंवा टोंचणी यांतील चुकीनें. कधीं टोंचून घेण्याच्या धास्तीनें. आणि पुष्कळदां तें लशीच्या मागून आलें एवढ्यावरूनच तिच्या माथीं मारलें जातें, वास्तविक तो योगायोग असतो. यांपैकीं धास्तीनें येणारी भोंवळ हें ढोंग नव्हे, हें आवर्जून सांगितलें पाहिजे. रांगेंत उभ्या असलेल्या धडधाकट माणसाला सुई पाहून घेरी येते तेव्हां त्याचा रक्तदाब खरोखरच उतरलेला असतो. ज्याच्यावर लस लादली गेली त्याची धास्ती अधिक, हें उघड आहे.

आमच्या उपनगरांनीं तर याहून विलक्षण प्रकार पाहिला. ३० मे २०२१ रोजीं कांदिवलीच्या एका गृहसंकुलांत लसीकरणाचें शिबिर भरलें व सुमारें ३९० रहिवाशांनीं पैसे भरून लस घेतली. नंतर प्रमाणपत्रें आलीं तीं भलभलत्या रुग्णालयांच्या नांवांचीं व भलत्याच तारखांचीं. शिबिरच बनावट होतें! तपासांत अशीं आणखीहि शिबिरें उघडकीस आलीं व फसविल्या गेलेल्यांची संख्या दोन हजारांवर गेली. कुप्यांत नुसतें मिठाचें पाणी असावें असा संशय होता. या लोकांपैकीं कोणास पुढें सांधेदुखी जडली असेल तर तीहि लशीच्या नांवावर जमा झाली असती. म्हणून कांहीं होत असल्यास प्रमाणपत्र काढून त्यावर लशीचें नांव, तारीख व बॅचचा क्रमांक नीट आहे कीं नाहीं हें आधीं पाहावें.

आतां देहाच्या प्रश्नाकडे वळूं. डॉक्टरचा पहिला प्रश्न “काय होतें?” हा असतो, पण लशीच्या बाबतींत त्याच्या इतकाच महत्त्वाचा प्रश्न “केव्हां सुरू झालें?” हा आहे. लशीच्या प्रत्येक दुष्परिणामाला जणूं आपलें वेळापत्रक आहे. तीव्र ॲलर्जी बहुधा पहिल्या अर्ध्या तासांतच दिसते. लस घेतल्यावर अर्धा तास बसवून ठेवीत तें एवढ्याचसाठीं. ताप, अंगदुखी, दंड दुखणें हीं पहिल्या एकदोन दिवसांत येतात व तितक्याच लौकर जातात. हातापायांतील शक्ति जाण्याचा गियाँ-बारे नांवाचा विरळा विकार आलाच तर पहिल्या सहा आठवड्यांत सुरू होतो. आणि ज्याची सर्वांत अधिक चर्चा झाली तो, रक्ताच्या गुठळ्या होऊन त्याबरोबरच प्लेटलेट कमी होण्याचा विकार, साधारणतः चौथ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसाच्या आंत दिसूं लागतो.

या शेवटच्या विकाराविषयीं थोडें विस्तारानें बोललें पाहिजे, कारण १९ वा २० वर्षांच्या मुलापासून आजोबांपर्यंत साऱ्यांना त्यानें धास्तावून सोडलें. ॲस्ट्राझेनेका कंपनीची लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनें कोविशील्ड या नांवानें तयार केली व मुंबईंत बहुसंख्य लोकांना तीच मिळाली. क्वचित् एखाद्याच्या शरीरांत त्या लशीनंतर प्लेटलेटमधील एका प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडें तयार होतात. तीं प्लेटलेटना चिकटून त्यांना नको तेथें चेतवितात. मेंदूच्या किंवा पोटाच्या शिरांत गुठळ्या होतात व त्यांतच प्लेटलेट खर्ची पडतात. २०२४ च्या एप्रिलअखेर बातमी आली कीं, हा विकार अत्यंत क्वचित् होऊं शकतो असें कंपनीनें इंग्लंडच्या न्यायालयांत मान्य केलें. घरोघर खळबळ उडाली. वस्तुतः हा विकार २०२१ च्या वसंतऋतूपासूनच वैद्यकांना माहीत होता. आपल्या केंद्रीय समितीनें मे २०२१ मध्यें गंभीर अशा ४९८ प्रसंगांची छाननी करून २६ प्रसंगीं गुठळ्यांचा विकार संभवतो असें म्हटलें, आणि तें प्रमाण दहा लाख मात्रांमागें ०.६१ इतकें दिलें. तीव्र व न थांबणारी डोकेदुखी, धाप, छातींत किंवा पोटांत दुखणें, पायाला सूज, टोंचल्या जागेपासून दूर त्वचेवर लाल ठिपके, दृष्टि धूसर होणें, अशा लक्षणांकडे लस घेतल्यावर वीस दिवस लक्ष ठेवावें असा इशाराहि तेव्हांच दिला होता.

२०२४ ची बातमी वाचून “आतां डी-डायमर करून घेऊं काय?” असें विचारणाऱ्यांस उत्तर सोपें होतें. ज्यानें शेवटची मात्रा २०२१ मध्यें वा २०२२ मध्यें घेतली त्याच्यापुरता तो काळ केव्हांच उलटून गेला होता. ती चाचणी तर संसर्ग, गर्भारपण, वाढतें वय, शस्त्रक्रिया, अशा अनेक कारणांनीं वर जाते. कारण नसतांना केली तर नवी चिंता मात्र विकत मिळते.

येथें एक सावधगिरी. दुखणें सुरू केव्हां झालें आणि टिकलें किती, या दोन गोष्टी भिन्न आहेत. सुई खांद्याच्या फार वर टोंचली गेली तर खांदा महिनेच्या महिने धरलेला राहूं शकतो; गियाँ-बारेनंतरची दुर्बलता वर्षभरहि पुरते. “आतां किती दिवस झाले, लशीचा काय संबंध!” असें म्हणून हात झटकणाऱ्या वैद्यानें आरंभाची तारीख विचारलेली नसते.

आणखी एक गुंता खास मुंबईचा. ज्यांनीं सक्तीमुळें २०२१ च्या नोव्हेंबर-डिसेंबरांत दुसरी मात्रा घेतली, त्यांच्यापुढें लगेच जानेवारी २०२२ ची तिसरी लाट आली. तेव्हां शहरांत एका दिवसांत वीस हजारांवर रुग्ण सांपडत होते. पुष्कळांनीं ती सर्दी म्हणून अंगावर काढली. त्यानंतर उरलेला थकवा, धडधड, दम लागणें, हें करोनाच्या रोगाचेंच शेंपूट असण्याचा संभव मोठा आहे. परंतु स्मरणांत राहिली ती सक्तीची सुई, सर्दी नव्हे.

तरुण माणसें एकाएकीं मरण पावल्याच्या वार्ता ऐकून जी भीति पसरली, तिच्याविषयीं भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनें १९ राज्यें व केंद्रशासित प्रदेशांतील ४७ रुग्णालयांच्या साहाय्यानें तपास केला व तो २०२३ मध्यें प्रसिद्ध झाला. अठरा ते पंचेचाळीस वयाच्या, वरवर निरोगी माणसांच्या आकस्मिक मृत्यूंत लशीमुळें धोका वाढल्याचें आढळलें नाहीं. धोका वाढलेला आढळला तो पूर्वीं करोनानें रुग्णालयांत राहावें लागलेल्यांत, घराण्यांत असे मृत्यु झालेल्यांत, आणि आदल्या दोन दिवसांत अतिमद्यपान किंवा अतिश्रमाचा व्यायाम केलेल्यांत.

आतां आरंभीच्या त्या गृहस्थांकडे परत येऊं. ते मुलुंडला राहतात असें कल्पून घ्या. वय पन्नाशीचें. दीड वर्ष त्यांनीं कळ सोसली, कारण “लशीनें व्हायचें तें झालें, आतां उपाय काय?” अशी त्यांची खात्री. अखेर बायकोनें हट्ट धरला म्हणून घरच्या डॉक्टरांकडे गेले.

“डॉक्टरसाहेब, ही त्या लशीचीच कळ ना?”

“तें मागून पाहूं. कळ येते केव्हां?”

“स्टेशनचा पूल चढतांना. गाडी गांठायची घाई असली म्हणजे विशेष.”

“आणि थांबलांत म्हणजे?”

“दोनतीन मिनिटांत जाते.”

“वडील कशानें गेले आपले?”

“हृदयविकारानें. पण ते साठीचे होते...”

डॉक्टरांनीं पुढें लशीविषयीं एक अक्षरहि न बोलतां रक्तदाब पाहिला, हृदयालेख काढला, रक्तांतील साखर तपासावयास लिहून दिली व त्याच आठवड्यांत हृदयतज्ज्ञांकडे धाडलें. श्रमानें येणारी आणि विसाव्यानें जाणारी कळ हें हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचें जुनें, ठरीव लक्षण आहे. त्यावर उपचार आहेत. दीड वर्ष फुकट गेलें तें लशीवरील रागापायीं. अशा वेळीं “सारें मनाचे खेळ आहेत” म्हणून वाटेला लावणारा डॉक्टर भेटला असता तर आणखी दीड वर्ष गेलें असतें. या दोन चुकांत मला फारसा फरक दिसत नाहीं. दोघांनींहि रोगी तपासलेला नसतो.

तेव्हां डॉक्टरांकडे जातांना एका कागदावर मात्रांच्या तारखा, लक्षण प्रथम दिसल्याची तारीख, मध्यंतरीं आलेले ताप, चालू असलेलीं औषधें व घराण्यांतील दुखणीं लिहून न्यावींत. शंका लशीची आहे हें लपवूं नये, पण तोच निकाल म्हणून डॉक्टरांपुढें ठेवूंहि नये. आधीं घरच्या डॉक्टरांकडे जावें; कचेरीच्या डॉक्टरांकडे नव्हे. कचेरीचे डॉक्टर वाईट असतात असें मला म्हणावयाचें नाहीं, परंतु त्यांना दोन धनी असतात. रोग्याचें गुपित न फोडण्याचें बंधन त्यांच्यावरहि आहेच. माणूस कामास योग्य आहे कीं नाहीं, एवढें मालकाला कळलें म्हणजे पुरे. रोगाचा सारा इतिहास त्याच्या हातीं देण्याचें कारण नाहीं. रुग्णालयांत राहावें लागलें असेल तर तेथील कागदपत्रांच्या प्रती मागून घ्याव्यात. मागितल्यापासून ७२ तासांच्या आंत त्या देण्याचा नियम आहे.

आणि डॉक्टरांनाहि लशीचाच संशय आला तर? मग त्याची नोंद झालीच पाहिजे. वर दिलेला ०.६१ हा आंकडा पुन्हां आठवा. त्याच वेळीं इंग्लंडांत हें प्रमाण दहा लाखांमागें सुमारें ४ व जर्मनींत १० असल्याचें आपल्याच आरोग्य खात्यानें सांगितलें होतें. आमच्या लोकांची प्रकृति या विकाराला कमी अनुकूल असेल, असें खात्याचें म्हणणें. असेलहि. परंतु ज्या देशांत रोगी घाबरून गप्प बसतो आणि डॉक्टरला कागद भरावयास फुरसत नसते, तेथें आंकडा कांहीं अंशीं त्यामुळेंहि लहान दिसत नसेल काय? सर्वोच्च न्यायालयानें २०२२ च्या निकालांत, खाजगी डॉक्टरांना व खुद्द नागरिकांना असे प्रसंग नोंदवितां यावेत अशी सोय करावी, आणि नांवें गुप्त राखून ते अहवाल लोकांस पाहावयास मिळावेत, असें बजावलें तें याच कारणासाठीं.

औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारी देशव्यापी योजना २०१० पासून चालू आहे. तिचें मुख्य केंद्र गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगांत आहे व परळच्या के. ई. एम. सारख्या वैद्यकीय महाविद्यालयांत तिचीं केंद्रें आहेत. रोग्यानें स्वतः भरावयाचा तिचा नमुना मराठींतहि आहे. त्यांत औषधाचें किंवा लशीचें नांव, तें केव्हां घेतलें, त्रास कोणता झाला व केव्हां सुरू झाला, एवढीच मुख्य माहिती मागितलेली असते. लशीनेंच झालें हें सिद्ध करण्याची जबाबदारी भरणाऱ्यावर नाहीं. नुसता संशय पुरेसा आहे. लस सक्तीनें घेतली कीं राजीखुशीनें, याचा रकाना त्यांत नाहीं.